पाचवी पायरी

चाकणच्या आमच्या कारखान्यात मला माझ्या नावाने ओळखणारे थोडेच होते. गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळे मला 'पेक्षासाहेब' म्हणायचे. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहून द्या' असं म्हटलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. लोखंडाला भोक पाडणाऱ्यांच्या गोष्टी फराळासोबत कोण वाचणार? मग लक्षात आलं, की एक गोष्ट मला लिहायचीच आहे आणि तिला बारा वर्षं उशीर झाला आहे. ती सांगायची तर हे नाव मला कसं पडलं ते आधी सांगावं लागेल. त्यात माझी थोडी बढाई येईल. ती आधी मारून घेतो, कारण नंतर मारायला तोंड राहणार नाही.

मी मूळचा लातूरकडचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग आयटीआय, मग आकुर्डीला मावशीच्या एका खोलीत सहावा माणूस म्हणून मुक्काम. नोकरी लागली तपासणी खात्यात. इंग्रजीचा आणि माझा संबंध ड्रॉइंगवरच्या आकड्यांपुरता. पण माझं अक्षर वळणदार होतं, आणि अक्षर चांगलं म्हणजे इंग्रजी चांगलं असा आमच्या खात्यात समज होता. तो मी दूर केला नाही. परदेशी गिऱ्हाइकांना जाणारे अहवाल हळूहळू माझ्या टेबलावर येऊ लागले. रात्री मावशीकडे दिवा बंद करायची वेळ झाली तरी मी डिक्शनरी सोडत नसे, म्हणून मावसभाऊ मला शिव्या घालायचा.

आमचं काम काय होतं ते साध्या शब्दांत सांगतो. मोठ्या यंत्रांमध्ये तेलाचा दाब हवा तिकडे वळवायला झडपा असतात. त्या झडपांचे पोलादी ठोकळे आम्ही बनवायचो. ठोकळ्याच्या पोटात एक लांब भोक असतं. ते आरपार गोल आणि काचेसारखं गुळगुळीत लागतं. त्यासाठी शेवटी त्यात बारीक दगडी पट्ट्या फिरवतात. याला होनिंग म्हणतात. नवीन ठोकळ्याचं ड्रॉइंग आलं की आम्ही आधी थोडे नग करून बघायचो आणि गिऱ्हाइकाला कळवायचो, की हे काम सोपं की अवघड, आणि अवघड तर किती. त्यावरून एका शिफ्टला किती नग निघाले पाहिजेत, म्हणजे टार्गेट, ते ठरायचं. म्हणजे अहवालातला एक शब्द मशीनवरच्या माणसाच्या पुढच्या कित्येक महिन्यांचा घाम ठरवायचा.

माझा पहिला असा अहवाल मला आजही तोंडपाठ आहे. 'धिस जॉब इज व्हेरी व्हेरी डिफिकल्ट.' दोन वेळा 'व्हेरी', म्हणजे कुठे शंका राहायला नको. तीन दिवसांनी जर्मनीहून उत्तर आलं. तिकडच्या क्वालिटी इंजिनिअर बाईंनी एकच ओळ लिहिली होती. तिचा अर्थ एवढाच, की अवघड, पण कशापेक्षा?

मला राग आला. अवघड ते अवघड, त्यात कशापेक्षा काय? ते पत्र घेऊन मी होनिंगच्या मशीनपाशी गेलो. तिथे नाना होते. खरं नाव ज्ञानोबा, चाकणशेजारच्या निघोज्याचे, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे. गावातली जमीन कारखान्यांत गेली आणि हे कारखान्यात आले. सातवी झालेले, पण भोकात अंगठा फिरवून ते जे सांगायचे ते मोजमापाची उपकरणं नंतर कबूल करायची.

"नाना, ही बाई विचारते, कशापेक्षा अवघड."

"बरुबर इचारती की," नाना म्हणाले. "चौदा नंबरपरीस अवघड हाय म्हनावं. नऊ नंबरपरीस न्हाई. नुसतं अवघड म्हन्लं तर तिला काय कळनार? माझी म्हातारी बी म्हनती गुडघं लई दुखत्यात. कालच्यापरीस का, एवढंच मी इचारतो."

चौदा नंबर हा आमचा सगळ्यात जुना ठोकळा. कारखान्यात प्रत्येकाने कधी ना कधी तो केलेलाच. मी टेबलाशी परत आलो आणि तेव्हा मला एक गोष्ट उमगली. मराठीत आपण 'चौदा नंबरपेक्षा' आधी म्हणतो आणि 'अवघड' नंतर. इंग्रजीत 'मोअर डिफिकल्ट' आधी येतं आणि 'दॅन' शेपटीला. आमची माणसं अवघड लिहून झालं की वाक्य संपलं असं समजून पेन ठेवायची. शेपटी राहून जायची, आणि सगळा जीव त्या शेपटीत असायचा.

त्या दिवसापासून मी ज्याला त्याला 'कशापेक्षा?' विचारू लागलो आणि पेक्षासाहेब झालो. तिथूनच माझी तक्त्याची कल्पना निघाली. कारखान्याच्या पेंटरकडून एक फळा रंगवून घेतला आणि पाण्याच्या कूलरशेजारी लावला. त्यावर जिन्याच्या पाच पायऱ्या. पहिली, चौदा नंबरइतकंच अवघड, 'ॲज डिफिकल्ट ॲज'. दुसरी, किंचित जास्त, 'स्लाइटली मोअर'. तिसरी नुसती 'मोअर'. चौथी बरंच जास्त, 'मच मोअर'. आणि पाचवी 'फार मोअर'. इंग्रजीतही फारला फारच म्हणतात हे कळल्यावर सगळं खातं खूश झालं. "एवढं तर आमाला बी येतंय की राव!" आणि खाली लाल रंगात नियम होता, की माप आहे तसं लिहायचं, पायरी सांगितली तर कारण सांगायचं, आणि चौदा नंबरच्या मानाने वेळ किती पट लागतो तेही सांगायचं. कारण नसेल तर पेक्षासाहेब लिहून घेणार नाही.

हा जिना खात्यातून घरोघरी गेला. तपासणीच्या टेबलावर सुशीलाताई होत्या, जिभेला धार. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, व्याही चौथ्या पायरीचे आहेत. कारण, मानपान. वेळ, चौदा नंबरच्या तिप्पट." एकाने सुट्टीच्या अर्जात लिहिलं, की बायकोचं माहेर गेल्या वर्षीपेक्षा बरंच अवघड झालं आहे, त्यामुळे दोन दिवस जादा मिळावेत. मिळाले.

वाचून दाखवायची पद्धत मात्र माझी नव्हे, नानांची. एकदा मी अहवाल पुढे केला तर ते सही करेनात.

"तुमी काय लिवलंय ते मला कसं कळनार? खाली नाव माझं हाय. वाचून दावा, मंग सही."

मी इंग्रजीवर बोट ठेवत मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला लावला, मग सही केली. पुढे सगळेच तसं करू लागले. पेक्षासाहेबांनी वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करायची नाही, हा कारखान्याचा कुठेही न लिहिलेला कायदाच झाला. मला त्याचा अभिमान होता. माणसं माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवत नव्हती, डिग्री नव्हतीच. ती माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवत होती.

एके वर्षी त्या जर्मन बाई स्वतः आल्या. उंच, पांढरे केस, पायात सेफ्टी शूज घरूनच घालून आलेल्या. कँटीनची मिसळ खाऊन डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांना कूलरपाशी नेलं. त्या पाणी प्यायल्या आणि तक्त्यासमोर उभ्या राहिल्या, त्या बराच वेळ हलल्याच नाहीत. मग पिशवीतून तीन ठोकळे काढले. आमच्याकडे कधी न आलेले. नानांना विचारा म्हणाल्या, कुठलं कुठल्यापेक्षा अवघड.

नानांनी हात पुसले, तिन्ही ठोकळ्यांत अंगठा घातला, उजेडाकडे धरून आरपार बघितलं. "ह्यो दुसरी. ह्यो चौथी. आन् ह्यो सोपा दिसतोय पन तिसरी हाय, मधी आडवं भोक हाय, तिथं दगड पडतोय."

बाईंनी आपली वही उघडली. तिकडच्या इंजिनिअरांनी काढलेला क्रम हाच होता. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि तो अंगठा उलटसुलट करून बघितला. नाना लाजले. "बाईला सांगा, अंगठा मशीनला लावायला देनार न्हाई." मी ते भाषांतर केलं, आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या मशीनवरचे लोक वळून बघायला लागले. जाताना तक्त्याचा फोटो घेऊन गेल्या. तो त्यांनी त्यांच्या इतर पुरवठादारांनाही पाठवला असं नंतर कळलं. लातूरकडच्या मराठी शाळेतल्या पोराने शिकवलेलं इंग्रजी! सांगायला हरकत नाही, त्या दिवशी मी आकुर्डीला घरी छाती काढून गेलो.

बढाई संपली. आता ज्यासाठी बसलो आहे ते.

त्यानंतर काही वर्षांनी एक नवा ठोकळा आला. खरं तर ठोकळा नव्हेच, नळी. भिंत पातळ. नानांनी चार दिवस त्यावर काम केलं आणि मला बोलावलं.

"हे बगा साहेब. मशीनीत धरलं का गोल. सोडलं का लंबुळकं."

मी मोजलं. तसंच होतं. पकडीच्या दाबाने नळी दबायची, दबलेल्या स्थितीत भोक गोल व्हायचं, आणि पकड सोडली की नळी आपल्या मूळ आकाराला जाताना भोक लंबगोल व्हायचं.

"मग उपाय?"

"हाय की. पकड ढिली ठिवायची, दगड हळू फिरवायचा. मधी काढून ठिवायचं, गार हू द्यायचं, मंग परत. त्येला बी दम खाऊ द्यावा लागतो. अडीच पट येळ लागंल. पाचवी पायरी लिवा. माझ्या उभ्या जन्मात पाचवी म्हन्लो नव्हतो, आता म्हन्तो."

मी टिपण घेतलं आणि प्लांटच्या साहेबांकडे गेलो. त्यांच्यावर ढकलायचा मोह मला बारा वर्षं होतो आहे, म्हणून ते नेमकं काय बोलले तेवढंच लिहितो.

"पाचवी?" ते म्हणाले.

"नाना म्हणतात."

"म्हणतात ते बरोबरच असेल. पण पाचवी वाचली की त्यांना वाटेल, यांना जमत नाही. काम दुसरीकडे जाईल. जमतंय ना आपल्याला?"

"जमतंय, पण वेळ..."

"मग जरा सौम्य करता येतं का बघा. इंग्रजी तुमचं. मी काय सांगणार?"

एवढंच. ना धमकी, ना आमिष. मी 'नाही येत' म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता.

पण 'इंग्रजी तुमचं' हे मला गोड लागलं. जेवणानंतर मी बसलो आणि आयुष्यातलं माझं सगळ्यात सुबक इंग्रजी वाक्य लिहिलं. त्याचा मराठीत अर्थ असा, की हे काम चौदा नंबरपेक्षा किंचित अधिक काळजी मागतं, तरी ते आमच्या सिद्ध कौशल्याच्या आवाक्यात आहे. 'डिफिकल्ट' हा शब्दच मी त्यात येऊ दिला नाही. अडीच पट वेळ गाळला. भिंतीचं, दाबाचं कारण गाळलं. पाचवीची दुसरी पायरी केली, आणि ती पायरी आहे हेही दिसू दिलं नाही. वाक्य पूर्ण झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. आवडलं मला ते. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडलं होतं हे खरं आहे.

मग सहीसाठी नानांकडे गेलो. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला नाही. त्यांना तो वाचायला लागायचा, आणि वाचणार मी होतो.

"वाचा."

मी कागद धरला आणि वाचलं, "चौदा नंबरपेक्षा फार अवघड. कारण भिंत पातळ आहे. पकडलं की गोल आणि सोडलं की लंबगोल होतं. मधे थंड होऊ द्यावं लागतं. वेळ अडीच पट."

'चौदा नंबर' सोडलं तर यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. पण मी बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे नेत होतो, ओळ संपली की खाली येत होतो, वाचल्यासारखं दिसावं म्हणून.

"व्हय. बरुबर," नाना म्हणाले आणि सही केली.

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलं असेल. टार्गेट आलं, ते चौदा नंबरच्या जवळपासच. नाना कागद घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, पाचवी धरून ह्यो आकडा दिला?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. मशीन चालू व्हायचं होतं, एकही नग वाया गेला नव्हता. मी म्हणालो, "पाचवी धरूनच, नाना. इंजिनिअर लोकांनी हिशोब केलाय."

त्यांनी कागदाची घडी घातली. "मंग जमत आसंल. दुसऱ्या कुनाला जमत आसंल, म्हनूनच दिला आसंल."

त्यांनी जमवायचा प्रयत्न केला. दगड भरभर फिरला, नळीला दम खायला वेळ मिळाला नाही. तपासणीत सुशीलाताईंनी दोनदा हटकलं, पण नमुन्याचे नग कसेबसे मापात बसत होते आणि माल बाहेर पडत होता. तीन महिन्यांनी खोके परत आले. आतल्या नळ्यांची भोकं लंबगोल.

जर्मन बाईंचा फोन मलाच आला. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की अंगठ्याने तीन ठोकळे ओळखणारा तो माणूस, तो खरंच 'किंचित' म्हणाला होता का? मी म्हणालो, हो. मग त्यांनी आभार मानून फोन ठेवला. त्यानंतर अहवालाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

चौकशी झाली. तिथे नानांना अहवाल कुणी वाचून दाखवला नाही. 'तुमच्या सहीने काम आवाक्यातलं म्हणून गेलं होतं, मग झालं कसं?' असं विचारलं. मी टेबलाच्या कोपऱ्यात बसून टिपण घेत होतो. नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना माझ्यावर संशयच नव्हता.

"टार्गेट बरुबर हाय," ते म्हणाले. "पाचवी धरूनच दिलं व्हतं. माझाच अंदाज गेला. हात बी पयल्यासारखा ऱ्हायला नाय. मला मशीनीवरनं काढा."

'पाचवी' म्हणजे काय ते चौकशीला बाहेरून आलेल्या साहेबांना ठाऊक नव्हतं. नानांखेरीज ते ठाऊक असलेला एकच माणूस खोलीत होता, आणि तो लिहीत होता.

नानांच्या फाइलमध्ये इंग्रजीत एक नोंद झाली. ती त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते नेहमीसारखं म्हणाले, "वाचून दावा." मी वाचलं, "कामात निष्काळजीपणा." त्यांनी सही केली. त्या दिवशी मात्र मी कागदावर होतं तेच वाचलं.

नाना पॅकिंगला गेले. नवा ऑपरेटर आला. त्याला त्या नळीसाठी अडीच पट वेळ मिळाला. तो सुधारित अहवाल मीच लिहिला, 'अनुभवाअंती' असा शब्द घालून. पॅकिंगचं खातं दुसऱ्या शेडमध्ये होतं. नानांना ते कळलं नाही. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ते खोक्यांना पट्ट्या मारत होते. कुणी प्रेमाने ठोकळा घेऊन गेलं, की नाना ही कितवी पायरी, तर म्हणायचे, "मला इचारू नगा. माझं काय खरं न्हाई." तक्ता कूलरपाशी होताच. मी रोज त्याच्याखालून पाणी पीत होतो.

मीही निवृत्त झालो. निरोपसमारंभात त्या तक्त्याची छोटी प्रतिकृती करून मला भेट दिली. ती मी माळ्यावर टाकली.

गेल्या वर्षी आकुर्डीच्या भाजीबाजारात सुशीलाताई भेटल्या. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, "नानांकडे गेले होते. अहो, विहिरीवरची मोटर बिघडली तर शेजाऱ्याला बोलावतात. स्वतः हात लावत नाहीत. म्हणतात, सुशीलाबाई, माझा अंदाज गेलाय, मी बिघडवीन. असा माणूस होता का तो, साहेब?"

मी पालेभाजी तिथेच विसरून घरी आलो. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो, की नानांचं मशीन गेलं. मशीन सगळ्यांचंच जातं कधीतरी. पण मी त्यांचा अंगठा नेला होता. एका माणसाला त्याचा स्वतःवरचा विश्वास खोटा आहे असं पटवून दिलं होतं, आणि तेही त्याने माझ्यावर टाकलेल्या भरवशाच्या जोरावर.

दोन दिवसांनी निघोज्याला गेलो. नाना अंगणात खुर्चीवर होते. "या पेक्षासाहेब!" म्हणून उठायला लागले. मी म्हणालो, बसा, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर मधेच गोड बोलायला लागलो असतो. अहवालात काय लिहिलं ते सांगितलं, काय वाचलं ते सांगितलं, टार्गेटबद्दल काय बोललो ते सांगितलं, जर्मन बाईंना काय म्हणालो तेही.

नाना ऐकत होते. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

"नव्या गड्याला येळ किती दिला?"

"अडीच पट."

"अडीच?"

"बरोबर अडीच. आजही तेवढाच आहे."

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासला, जुन्या सवयीने, जणू त्यात भोकाचं तेल आहे. "म्हंजी अडीचच व्हतं," ते म्हणाले. स्वतःशीच.

मग आवाज बदलला. "बारा वरसं, साहेब. मी घरात बसून हाताकडं बगायचो. म्हनायचो, ह्येला झालंय काय? डोळं तपासलं. साखर तपासली. तुमी आकुर्डीत, मी हितं. बसनं अर्धा तास न्हाई लागत."

माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "ते बगू. आता जा तुमी." त्या दिवशी चहा झाला नाही. निघोज्यात कुणाच्या अंगणातून बिनचहाचं परत येणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसांना सांगायला नको.

घरी येऊन मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. नानांनी त्या नळीला पाचवी पायरी सांगितली होती, कारण अमुक, वेळ अमुक, आणि ती मी बदलली, त्यांना चुकीचं वाचून दाखवून सही घेतली, म्हणून निष्काळजीपणाची नोंद माझ्या नावावर हवी. या वेळी वाक्य सुबक झालं नाही. ओबडधोबड झालं. 'डिफिकल्ट' शब्द तीनदा आला. तसाच ठेवला.

पाठवायच्या आधी ते नानांना दाखवायचं होतं. पुन्हा निघोज्याला गेलो. पत्र पिशवीतून काढलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि तोंड उघडलं.

"थांबा," नाना म्हणाले. "तुमी न्हाई. सूनबाई वाचंल."

त्यांची सून रूपाली चाकणच्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ती ओढणीला हात पुसत आली, पत्र घेतलं, आधी मनात वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल लिहीत नाही. मग नानांना एकेक ओळ मराठीत सांगू लागली. मी खाली बघत बसलो. माणसाच्या हातातला कागद आणि त्याच्या तोंडातले शब्द एकच आहेत की नाहीत, हे दुसऱ्याच्या भरवशावर ऐकणं काय असतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"फार मोअर डिफिकल्ट दॅन," ती म्हणाली. "म्हणजे नाना, पाचवी."

"पाचवीच लिवलंय? बग नीट."

"पाचवीच." मग ती थबकली. "नाना, आमच्या कंपनीत पण असा तक्ता आहे. पाच पायऱ्यांचा. जर्मनीवरनं आलाय म्हणतात." मला म्हणाली, "तो तुमचा आहे होय, काका?"

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "त्यांचा न्हाई. आमचा." आणि मग सुनेकडे वळून, "च्या टाक."

त्या एका शब्दावर, 'आमचा' या शब्दावर, मी उरलेलं आयुष्य काढू शकेन. पण नानांचं अजून संपलं नव्हतं.

"साहेब, एक राह्यलंय. सगळं तुमच्या नावावर घेऊ नगा. माल जायच्या आदी शेवटच्या दोन दिसांत मी रागानं काम केलं व्हतं. आकडा गाठायचा म्हनून गार हू द्यायचंच सोडून दिलं. सुशीलाबाईनं सांगितलं तरी ऐकलं न्हाई. तेवढं माझं हाय. ते बी लिवा."

"नाना, त्याची गरज नाही. आकडाच चुकीचा होता."

"व्हता. पन दोन दिस माझं हायेत. माप हाय तसं लिवायचं. तुमीच लाल रंगात लिवलं व्हतं न्हवं?"

मी तिथेच बसून पत्राच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या. रूपालीने त्या वाचून दाखवल्या. मग चहा झाला.

कंपनीतल्या आताच्या अधिकाऱ्यांनी कळवलं, की जुनी नोंद खोडता येत नाही, पण तुमचं पत्र तिच्यावर लावलं आहे. फाइल उघडणाऱ्याला आधी ते दिसेल. मला ते पुरेसं वाटत नाही. नानांना वाटतं. निघोज्याची मोटर मधे एकदा परत बिघडली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं नाही, असं रूपाली सांगत होती. तक्त्याची ती प्रतिकृती मी माळ्यावरून काढली आणि त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती विहिरीपाशी टांगली आहे.

मी सदतीस वर्षं नोकरी केली. माणसांना नुसतं 'अवघड' न म्हणता 'कशापेक्षा' ते सांगायला शिकवलं, आणि ते आज चाकणभर चालतं, याचा मला अभिमान आहे आणि राहील. तो अभिमान खरा ठेवायचा तर हेही त्याच पानावर यायला हवं होतं.

हा लेख अंकाकडे पाठवण्याआधी निघोज्याला नेला होता. नानांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत. शेवटच्या पानाखाली त्यांची सही आहे. छापताना ती येणार नाही, म्हणून सांगतो. वाचून रूपालीने दाखवलं.